दंडावरचा जागल्या

छत्तीस वर्षांच्या आयुष्यात उत्पला आवटीला पहिल्यांदा ‘लागली’ ती एका बुधवारी सकाळी पावणेअकरा वाजता, सांगलीच्या हळद परीक्षण प्रयोगशाळेत, राजापुरी हळदीची पूड चाळताना. डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला कुणीतरी बोटानं टकटक करावं तसं झालं. आधी एकदा. मग थोड्या वेळानं दोनदा. तिनं चाळणी खाली ठेवली, दोन्ही कुबड्या घेतल्या आणि वाटेत कुणी काही विचारू नये म्हणून कपाळाला आठ्या घालून स्वच्छतागृहाकडे निघाली. पंचवीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा डोळे लाल झालेले. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईंच्या घरून काही वाईट निरोप आला वाटतं. तसं काही नव्हतं. बातमी चांगली होती, इतकी चांगली की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. तिनं फोन काढून नावांची यादी वरून खालपर्यंत चाळली. गॅसवाला होता, सोसायटीचा सेक्रेटरी होता, इस्त्रीवाला होता. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. उत्पलानं फोन परत पर्समध्ये टाकला आणि हळद चाळायला बसली.

आता यात रडण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. तुम्हाला रोज सकाळी कळतं, तुम्ही जाता, येता, चहा मागता. विषय संपला. ज्याला कळतच नाही त्याचं काय होतं, याचा विचार करायची वेळ तुमच्यावर आलेली नाही, आणि देव करो नि येऊ नये.

आईच्या पोटात चौथा आठवडा चालू असतो, आईला अजून दिवस गेलेत हेही नीट ठाऊक नसतं, तेव्हा गर्भाच्या पाठीवर एक पन्हळ असते. तिच्या दोन्ही कडा एकमेकींना मिळतात आणि बंद नळी होते. हाच पुढे मज्जारज्जू. उत्पलाची पन्हळ कमरेच्या खाली थोडी उघडीच राहिली. डॉक्टर त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी पाठ शिवली, पण जे तंतू जिथे पोचायला हवे होते ते पोचलेच नाहीत. पाय अर्धेमुर्धे हाताशी आले, कुबड्यांवर चालता येऊ लागलं. आतड्याच्या शेवटच्या वीतभर भागाचं मात्र मेंदूशी बोलणंच नव्हतं. तिथे काय साठलंय ते वर कळायचं नाही, आणि वरून ‘थांब’ म्हटलेलं खाली ऐकू जायचं नाही. मग चार-चार दिवस काही नाही, आणि एके दिवशी नको तिथे, नको तेव्हा. तिला स्वतःला ते कळायचं वासावरून, नाहीतर समोरच्याच्या चेहऱ्यावरून.

यावर उपाय एकच, शिस्त. पहाटे पाचला उठायचं, कोमट पाणी आणि नळी घेऊन पाऊण तास बसायचं, आतडं धुऊन काढायचं. मग साधारण दिवसभराची खात्री. साधारण म्हणजे साधारणच. बारा वर्षांची होईपर्यंत हे सगळं आईनं केलं, नंतर उत्पला स्वतः करू लागली. तरी आई तिथेच दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि पेपरातल्या बातम्या मोठ्यानं वाचून दाखवायची. त्या पाऊण तासात मायलेकी जेवढ्या बोलल्या तेवढ्या दिवसभरात कधी बोलल्या नसतील.

जागल्या आला तो २०३९च्या डिसेंबरात. गावाकडे पिकाची राखण करत रात्रभर जागतो त्याला जागल्या म्हणतात. पुण्याच्या ज्या मुलांनी हे यंत्र केलं त्यांनी हेच नाव दिलं. केसाएवढ्या बारीक तारांची एक जाळी शेवटच्या आतड्याभोवती बसवायची. आतडं भरून ताणलं की तारा ताणतात, तारा ताणल्या की त्यांतली वीज बदलते. तो निरोप कमरेतल्या बटणाएवढ्या डबीकडे जातो आणि डबी तो दंडाच्या कातडीखालच्या चकतीकडे धाडते. एक टकटक म्हणजे भरतंय. दोन म्हणजे निघा. तीन म्हणजे पळा. मोडलेला रस्ता कुणी दुरुस्त केला नाही, शेजारच्या रस्त्यानं टपाल सुरू केलं एवढंच. शिवाय तीच डबी खालच्या स्नायूला हलका झटका देऊन वीस मिनिटं आवळून धरते. मेंदूला ही नवी भाषा यायला काही आठवडे लागतात. उत्पलाला सहा लागले. सातव्या आठवड्यातला तो बुधवार.

आणि दुसऱ्याच दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा कामावर डबा नेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय डब्याचं काय झालं ते कळणार नाही. नववीत असताना शाळेच्या सहलीला, भर बसमध्ये, उत्पलाला व्हायचं ते झालं होतं. त्यानंतर ती महिनाभर शाळेत गेली नाही. अन्न पोटात पडलं की आतडं जागं होतं, हे आईला अनुभवानं ठाऊक होतं. तिनं लेकीला मंत्र दिला. बाहेर असताना काही खायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, उपवास आहे. आपल्याकडे उपवासाला का म्हणून कुणी विचारत नाही.

खरंच कुणी विचारलं नाही. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार पुन्हा देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवार तेवढा उरायचा, तेव्हा ‘घरून जेवून निघाले’. संकष्टी, एकादशी, प्रदोष हे वर. प्रयोगशाळेत बारा वर्षांत तिचं नाव झालं. कुणाला व्रत धरायचं असलं की बायका तिच्याकडे यायच्या, साबुदाणा चालतो का, वरी चालते का, अडचण आली तर वार धरायचा की सोडायचा. बिचारीला घरी जाऊन वाचून यावं लागायचं. पाठीमागे कुजबुजही व्हायची, इतके सोमवार करून हिला महादेव काही पावेना. ते तिच्या कानावर यायचं आणि ती ते मुकाट ऐकून घ्यायची.

तर त्या दिवशी ती जेवणाच्या खोलीत डबा घेऊन बसली. पोळी, फरसबीची भाजी, लिंबाचं लोणचं. झाकणाला हात लावला तोच पलीकडच्या टेबलावरून हिशेबनीस बाई म्हणाल्या, “आवटी मॅडम, आज गुरुवार ना? बरं झालं बाई तुम्ही दिसलात, मी आत्ता कांदा खाणार होते.” आणि त्यांनी भक्तिभावानं आपल्या डब्यातला कांदा बाजूला काढून ठेवला. उत्पलानं झाकणावरचा हात काढून घेतला. संध्याकाळी रिक्षात बसून तिनं तीच थंड पोळी खाल्ली. रिक्षा बिनड्रायव्हरची. पूर्वी कदम म्हणून एक रिक्षावाले होते, तिला हात देऊन वर घ्यायचे, घरापर्यंत त्यांच्या सुनेच्या तक्रारी सांगायचे. आता रिक्षा नुसतं ‘पट्टा लावा’ म्हणते.

जेवणाच्या खोलीत तिच्यासमोर रोज बसायचे ते नमुना विभागाचे सुधन्वा मगदूम. बेचाळिशीचे, उंच, थोडे वाकलेले, बोटं कायमची पिवळी. लग्न केलं नव्हतं. घरी आई, तिला ते आक्का म्हणत. एक ते दोन ते डबा खात आणि उत्पला समोर पाण्याचा पेला घेऊन बसे. त्या तासात ते दोघं हळदीपासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत कशावरही बोलत. उत्पलाला दिवसभरात कुणाशी बोलायला मिळे ते एवढंच.

तीन वर्षांपूर्वी आक्कांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. नऊ दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. पहिल्याच दिवशी मगदूम प्रयोगशाळेत रजेचा अर्ज द्यायला आले, तिच्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं देव ऐकतो. आक्कासाठी एवढे दिवस उपास धराल?” चेहरा असा झाला होता माणसाचा की नाही म्हणणाऱ्याची जीभ झडावी. ती हो म्हणाली. म्हणाली आणि नऊही दिवस रजा टाकून त्यांच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसली. मगदूमही तिच्याबरोबर उपाशी राहिले. दहाव्या दिवशी आक्कांनी डोळे उघडले, हकीकत ऐकली आणि नवस बोलल्या, ज्या पोरीनं माझ्यापायी उपास काढले तिच्या उपासाचं उद्यापन माझ्या घरी होणार. पाच मेहुणं जेवू घालीन आणि मधल्या पानावर तिला बसवीन.

उद्यापन म्हणजे व्रताची सांगता, आणि सांगता म्हणजे जेवण. परक्या घरी, दहा माणसांत, पोटभर. उत्पला तीन वर्षं काहीबाही सांगून ते टाळत आली होती.

आता टाळायचं कारण उरलं नव्हतं. जागल्या इमानानं राखण करत होता. पहाटेचं पाऊण तासाचं काम आठवड्यातून दोनदा करून भागू लागलं होतं. तिनं घरी दोडका, गवार, ताक, हवं ते खाल्लं, पाणी पोटभर प्यायली. आणि नेमकं तेव्हाच दुसरंच काहीतरी सुरू झालं.

“घरी गेलं की बोलायला आक्का, आणि इथं तुम्ही,” एके दुपारी मगदूम भाकरी मोडत म्हणाले. “तिसरं माणूसच नाही बघा मला.”

दंडावर दोन टकटक. उत्पला उठलीच. “आलेच हां,” म्हणाली आणि कुबड्या उचलून गेली. आत जाऊन बसली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली, काहीच नाही. परत आली तेव्हा मगदूम डबा धुऊन निघून गेले होते.

चार दिवसांनी पुन्हा तसंच. त्यांनी तिच्यासाठी रताळ्याचा कीस आणला होता, आक्कांनी मुद्दाम केलेला. डब्याचं झाकण उघडून त्यांनी तो पुढे सरकवला आणि तिच्या दंडावर एकदम तीनदा टकटक झाली. पळा. ती पळाली, कुबड्यांवर जेवढं पळता येतं तेवढं. आत जाऊन बसली, काही नाही. मग हे रोजचंच झालं. मगदूम काही जिव्हाळ्याचं बोलले की टकटक, नुसते हसले की टकटक. माणूस वाक्य अर्ध्यावर आणतो आणि समोरची बाई उठून जाते, तीन-चार महिने असंच. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते डबा घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसू लागले. जाता-येता मान हलवत, तेवढंच. उत्पला पाण्याचा पेला समोर ठेवून एकटी बसू लागली. दंडावर आता शुकशुकाट.

यंत्र बिघडलं, असं ठरवून ती मिरजेला डॉक्टर शमीम बागवानांकडे गेली. बाई पन्नाशीच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी जागल्याची सहा महिन्यांची नोंद भिंतीवरच्या पडद्यावर लावली.

“यंत्र ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. “खऱ्या हाका सगळ्या बरोबर. पण या तांबड्या खुणा दिसतात ना, त्या खोट्या हाका. एकशे बारा. आणि गंमत बघा, जवळजवळ सगळ्या दुपारी एक ते दोन. रविवारी एकही नाही. एक ते दोन काय असतं?”

“जेवणाची सुट्टी.”

“तुम्ही काय खाता तेव्हा?”

“काही नाही. पाणी.”

डॉक्टरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “हे उपाशी राहायचं अजून सुटलं नाही? किती वेळा सांगितलं, उपाशी ठेवून आतडं वठणीवर येत नाही, आणखी हट्टी होतं. बरं, ते नंतर. मार्चमध्ये बारा दिवस एकही खोटी हाक नाही. तेव्हा काय होतं?”

“तेव्हा ते इरोडला गेले होते, तिथल्या हळद बाजारात,” उत्पला पटकन म्हणाली. आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं.

“ते,” डॉक्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी पडदा बंद केला आणि खुर्ची जवळ ओढली.

“ऐका. आतड्याला स्वतःचं तंतूंचं जाळं असतं. भीती वाटली, लाज वाटली, कुणाची ओढ लागली, तरी ते आवळतं. सगळ्यांचंच. परीक्षेच्या आधी पोरं संडासाकडे का धावतात? पण बाकीच्यांचा मेंदू लहानपणापासून हे ऐकत आलेला असतो, त्याला बरोबर कळतं, ही खरी हाक आणि हा नुसता जीव घाबरा झालाय. तुमच्या मेंदूला हे टपाल छत्तीसाव्या वर्षी यायला लागलं. तारा ताणल्या एवढंच यंत्राला कळतं. कशानं ताणल्या, ते तुम्हाला शिकावं लागेल.”

“कसं?”

“पळायचं नाही. बसून राहायचं, सावकाश दहा श्वास मोजायचे. खरी असली तर हाक चढत जाते, एकाची दोन, दोनाची तीन, आणि थांबत नाही. मनाची असली तर उलटसुलट येते आणि विरून जाते. वीस मिनिटं स्नायू आवळलेला राहतो, तेवढी मुभा आहे तुम्हाला.”

“आणि माझा अंदाज चुकला तर?”

“चुकेल कधीतरी,” डॉक्टर म्हणाल्या. “पिशवीत कपड्यांचा जोड ठेवा.”

येताना रिक्षात उत्पला पट्टा लावून बसली आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. छत्तीस वर्षांची घोडी, आणि आपलं कुणावर मन बसलंय हे आपल्याला कळायला तारांची जाळी लागावी! मग राग गेला आणि वाईट वाटायला लागलं. ज्या माणसापाशी बसावंसं वाटतं त्याच्याच समोरून आपण शंभर वेळा उठून गेलो. बरं, सांगायला जावं तर काय सांगणार? पळण्याचं खरं कारण सांगायचं तर पोटाचं सगळं सांगावं लागणार, आणि पोटाचं सांगितलं की उपवासांचं सांगावं लागणार. मगदूमांना आवडत असलीच तर आवडत होती ती उपवास करणारी बाई. खोटं बोलणारी नव्हे. आईच्या वेड्यावाकड्या मंत्रानं तिला वीस-बावीस वर्षं लाजेपासून वाचवलं होतं, आणि माणसांपासूनही.

श्रावण लागायच्या आधी मगदूम स्वतःहून तिच्या टेबलाशी आले. उभ्या उभ्याच बोलले. “मॅडम, तुम्हाला माझं काही लागलं असेल तर माफ करा. पण आक्का आता थकलीय. या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी तेवढं उद्यापन होऊ द्या. म्हातारीचा जीव त्यात अडकलाय.”

दंडावर टकटक, टकटक. उत्पला खुर्चीचे हात धरून बसली. एक, दोन, तीन श्वास. सातव्या श्वासाला सगळं शांत झालं. “येते,” ती म्हणाली. आणि मनात ठरवून टाकलं, त्या घरचा घास तोंडात घालायच्या आधी खरं सांगायचं. मग घास मिळो न मिळो.

मगदूमांचं घर गणेशनगरात, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत पाचही मेहुणं येऊन बसली होती, गप्पा चालल्या होत्या. उत्पलाला खाली बसता येत नाही म्हणून आक्कांनी सगळ्यांचीच पानं टेबलांवर मांडायला लावली होती. मधल्या पानाच्या खुर्चीभोवती खाली फरशीवर रांगोळी. उत्पलानं ती पाहिली, पण पानावर बसली नाही. ती तशीच स्वयंपाकघरात गेली. आक्का स्टुलावर बसून चुरम्याचे लाडू वळत होत्या. मगदूम कढईशी, पुऱ्या तळत.

“अगं, तू कशाला आलीस हितं? तू आज मानाची,” आक्का म्हणाल्या. “सुदन्वा, तिला भायेर बसीव.”

“आक्का, मला काही सांगायचंय. दोघांना,” उत्पला म्हणाली.

दंडावर दोन टकटक. मग एक. मग तीन. तिनं एक कुबडी ओट्याला टेकवली आणि ओट्याची कड घट्ट धरली. दाराबाहेर डाव्या हाताला संडास होता, येतानाच पाहून ठेवला होता. खरी असली तर? या घरात, आजच्या दिवशी, देवाच्या कार्यात? सगळं अंग म्हणत होतं, पळ. तिनं श्वास मोजायला सुरुवात केली. आक्का लाडू हातात धरून बघत राहिल्या. पुन्हा तीन. मग काही नाही. मग एक, अगदी हलकी.

“मी कधीच उपवास केले नाहीत,” उत्पला म्हणाली. “एकही सोमवार नाही.”

आणि मग ती थांबली नाही. पाठीचं सांगितलं, नळीचं आणि कोमट पाण्याचं सांगितलं, सहलीच्या बसचं सांगितलं. पक्वान्नाच्या वासात, चुरम्याच्या परातीसमोर उभी राहून असलं बोलू नये, हे तिला कळत होतं. पण आज नाही तर कधीच नाही, हेही कळत होतं. दंडावरच्या चकतीचं सांगितलं. “मी तुमच्यासमोरून उठून जायची ना, ते रागानं नव्हतं,” एवढं सांगितलं, आणि चकती नेमकी कधी वाजायची ते गिळून टाकलं.

आक्कांनी हातातल्या लाडवाकडे पाहिलं. “म्हंजे मग मी वाचले कशानं?”

“औषधानं, आक्का. आणि तुमच्या जिवटपणानं.”

“ते व्हयच म्हणा,” आक्का म्हणाल्या, आणि हातातला लाडू पुन्हा वळू लागल्या. “माझी थोरली जाऊ असंच कुटं जात न्हवती. गुडगं दुकत्यात म्हणायची. आमी हसायचो तिला.”

मगदूम मात्र वळले नव्हते. झारा हातात, पाठ तिच्याकडे. कढईतली पुरी लालची काळी होत आली.

“नऊ दिवस,” ते शेवटी म्हणाले. “नऊ दिवस मला वाटायचं, शेजारचं माणूस आपल्याइतकंच उपाशी आहे. तेवढ्यावर बसून राहिलो मी. म्हणजे मी एकटाच होतो तर.”

यापेक्षा त्यांनी आरडाओरडा केला असता तरी चाललं असतं. एकटं असणं म्हणजे काय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तेच तिनं या माणसाच्या त्या नऊ दिवसांवर आज, तीन वर्षांनी, आणून लादलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “त्या नऊ दिवसांत मीही दिवसभर काही खाल्लं नाही. पाण्याचे दोन घोट. घरी गेल्यावर एक वाटी पेज. बस. खाल्लं असतं तर मला त्या बाकावर आठ तास बसता आलं नसतं. तेव्हा हे यंत्र नव्हतं. तो उपवास खरा होता, मगदूम. फक्त देवासाठी नव्हता. तुमच्याशेजारी बसता यावं म्हणून होता.”

बाहेरून कुणीतरी हाक मारली, “यजमान, भुका लागल्या हो!” मगदूमांनी करपलेली पुरी काढून बाजूला ठेवली, गॅस बारीक केला, पुऱ्यांची परात उचलली आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेले.

“जा, पानावर बस,” आक्का म्हणाल्या.

“आक्का, आता कसलं उद्यापन? व्रतच नव्हतं.”

“नवस माझा हाय. तुला इचारून बोलले न्हवते मी,” आक्का म्हणाल्या. “जा. रांगोळी पुसंल कुणाच्या तरी पायानं.”

उत्पला जाऊन मधल्या पानावर बसली. पाचही जोडपी तिच्याकडे आदरानं बघत होती. त्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. सगळे हात ताटावर धरून थांबलेले, मानाचा पहिला घास तिचा म्हणून. तिनं वरणभाताचा घास उचलला. घास तोंडात गेला, तूप गरम होतं. कुणी काही म्हणालं नाही, कुणी वास घेतल्यासारखं केलं नाही, सगळे आपापले जेवू लागले. एका बाईंनी तिच्याकडे चटणीची वाटी सरकवली. मोठ्यांच्या पंगतीत बसून ती कधी जेवली नव्हती, आणि ते इतकं साधं असतं याचंच तिला रडू येत होतं. ते तिनं भाताबरोबर गिळलं.

मगदूम पंगतीत वाढत फिरत होते. प्रत्येकापाशी थांबत होते, “घ्या हो, एवढी तरी घ्या,” म्हणत होते, लोक पानावर हात आडवा धरत होते आणि ते हात बाजूला सारून वाढत होते. आवाज नेहमीसारखा. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. तिच्या पानाशी येईपर्यंत पुऱ्या बऱ्याच संपल्या होत्या. ते थांबले. तिला आग्रह केला नाही, पण पुढेही गेले नाहीत.

“मॅडम,” फक्त तिला ऐकू येईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, “नवव्या दिवशी बाकावर तुमचे हात थरथरत होते. मला वाटलं, मनात जप चाललाय.”

“भूक लागली होती,” उत्पला म्हणाली.

त्यांनी तिच्या पानात दोन पुऱ्या वाढल्या आणि पुढच्या पानाकडे गेले.